उतारावरची बाटली

डिझेलमध्ये पाणी असलं तर ते फार काळ लपून राहत नाही, त्याला फक्त जरा वेळ द्यावा लागतो. टाकीच्या तळाची चावी उघडायची, काचेची बाटली भरून घ्यायची आणि ती न हलवता तासभर उजेडात उभी करायची. डिझेल वर राहतं, पाणी खाली बसतं आणि दोघांच्या मध्ये एक रेघ उमटते. ती रेघ दिसली की मी बोटवाल्याला जे काही ऐकवतो ते इथे लिहिण्यासारखं नसतं. बोटवाले निमूट ऐकून घेतात, कारण भर पाण्यात इंजिन बंद पडलं की काय होतं ते त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

धक्क्यावर इंजिनं दुरुस्त करायला लागून मला सत्तावीस वर्षं झाली. बोट महिनाभर उभी राहिली असेल तर माझ्या खिडकीत बाटली ठेवल्याशिवाय बाहेर जायचं नाही, हा रिवाज मी पाडला. कुठल्याही कायद्यात तो नाही. माझ्या तोंडाला घाबरून म्हणा, पण लोकांनी तो पाळला. खिडकीच्या फळीवर कायम पाच-सात बाटल्या रांगेत उभ्या असतात आणि प्रत्येकीच्या गळ्यात बोटीचा नंबर आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी असते. रेघ नसली की मी एकच शब्द बोलतो, "जा." मी ‘जा’ म्हटलेली एकही बोट आजवर डिझेलपायी बंद पडली नव्हती, आणि या गोष्टीचा मला भारी माज होता.

दारावर मी स्वतःच्या हातानं रंगवलेली एक पाटी आहे, ‘उतारावरची बाटली चालणार नाही.’ दुरुस्तीसाठी बोट ओढून उतारावर घेतली की तिचं नाक वर असतं आणि बूड खाली. अशा तिरक्या बोटीत टाकीतलं पाणी कुठल्या कोपऱ्यात जाऊन बसेल याचा नेम नाही. म्हणून बोट आधी पाण्यात सोडायची, सपाट तरंगू द्यायची, तासभर थांबायचं आणि मग चावी उघडायची. लोक कंटाळायचे. मी म्हणायचो, कंटाळा, पण थांबा.

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, हे धक्क्यावरचे नामांकित थट्टेखोर. मासेमारीची स्वतःची बोट, सोबत एक जुना खलाशी, आणि रोज कुणाची तरी खेचल्याशिवाय या माणसाला अन्न पचत नसे. माझं लग्न झालं नाही. वर्कशॉपच्या मागच्या खोलीत मी राहतो आणि दुपारचा डबा बहिणीकडून येतो. मला साखरेचा त्रास आहे, म्हणून ती माझं वेगळं करते. डबे दोन होते. एक तिच्याकडे असला की दुसरा माझ्याकडे. ने-आण दाजींकडे होती. येऊन दाराच्या आतल्या खिळ्याला भरलेला डबा अडकवायचा, रिकामा उचलायचा आणि जाता जाता मला एक टोमणा मारायचा, असा त्यांचा अठरा वर्षांचा नेम होता.

त्या दिवशी धक्क्यावर दहा-बारा माणसं होती. मी कुणाची तरी बाटली उजेडाकडे धरून बघत होतो. दाजी आले आणि हात वर करून ओरडले, "रांग लावा रे! आमच्या मेहुण्यांचा दवाखाना उघडलाय. बाटली आणा, साखर आहे की नाही लगेच सांगतात!"

सगळे खदखदून हसले. मी गप्प राहिलो असतो तर विषय तिथेच संपला असता, पण मी मागे वळून डोळे वटारले, आणि मग दाजींना कोण आवरणार? "फक्त स्वतःची बाटली तेवढी तपासत नाहीत," ते म्हणाले. धक्क्यावर डिझेल विकणारा पंपवाला तर हसून हसून खुर्चीवरून पडायचाच बाकी होता. त्या दिवसापासून धक्क्यानं माझं नाव डॉक्टर ठेवलं.

आता सांगताना वाटतं, यात रागावण्यासारखं काय होतं? पण राग माझ्या नाकावरच असतो आणि एकदा आला की तो खाली उतरायला महिना लागतो. मी दाजींशी बोलणं टाकलं. डबा मात्र खात होतो. राग दाजींवर होता, डब्यावर नव्हता. ते रोज येऊन डबा खिळ्याला अडकवायचे, खाकरायचे, मी मान वर करत नसे, मग ते जायचे. असे पंधरा दिवस गेले.

त्यांची बोट तेव्हा उतारावर होती. तळाच्या फळ्या बदलायच्या म्हणून चार महिने ती तिथेच पडून होती. बोट चढवली त्याच दिवशी मी बजावलं होतं की टाकी एक तर काठोकाठ भरा, नाही तर पार रिकामी करा. अर्धी टाकी ठेवली की आतल्या हवेला घाम सुटतो आणि तो घाम डिझेलच्या खाली जाऊन बसतो. दाजी "हो हो" म्हणाले आणि टाकी अर्धीच राहिली. त्यात टाकीच्या झाकणाचं रबर चिरलेलं होतं आणि सुतार रोज संध्याकाळी नळी लावून बोट धूत होता. हे सगळं मला नंतर कळलं, पण कळायला हवं होतं आधी, आणि ते माझंच काम होतं.

अखेर एका सकाळच्या भरतीला बोट पाण्यात उतरायची ठरली. आदल्या दिवशी दुपारी चार वाजता दाजी रिकामी बाटली घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

"उद्या सहाला पाण्यात सोडतोय. तुम्ही सातपर्यंत याल ना?"

मी पान्यावरची नजर न हलवता म्हणालो, "उद्या मला वेळ नाही. हवी असेल तर आत्ता घेऊ."

"आत्ता? बोट उतारावर आहे." त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं. "ही पाटी तुमचीच ना?"

"पाटी माझी आहे ना? मग ती पाळायची की मोडायची ते मी बघेन. तुम्हाला दवाखान्यात यायचंय की नाही तेवढं बोला."

दाजी हसले नाहीत. मी ताडताड चालत पुढे, ते मागे. बोटीवर चढलो, टाकीची चावी उघडली, बाटली भरली. सकाळी सहाला उठून धक्क्यावर जायला मला काहीही अडचण नव्हती. मला फक्त त्यांच्यासाठी उठायचं नव्हतं.

आता त्या टाकीबद्दल सांगतो. सहा वर्षांपूर्वी ती मीच बसवली. दुसऱ्या एका बोटीतून काढलेली टाकी होती आणि सरळ बसवली तर तळाची चावी मागच्या फळीला चिकटत होती, हात जात नव्हता. म्हणून मी ती मागचं पुढे अशी फिरवून बसवली. चावी पुढच्या अंगाला आली, आणि इंजिनाला डिझेल नेणारी नळी तिच्याच वर दोन बोटं. पाण्यात सपाट बोटीला यानं काही फरक पडत नव्हता. पण उतारावर बोटीचं नाक वर असतं. म्हणजे चावीसुद्धा वरच्या अंगाला जाते, आणि टाकीत पाणी असेल तर ते सगळं मागे, खालच्या कोपऱ्यात जमतं. तिथून बाटलीत यायचं ते फक्त स्वच्छ डिझेल. चावी उघडताना मला हे आठवलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. खरंच आठवलं नव्हतं, की आठवूनही रागात पुढे ढकललं, हे आता माझं मलाही सांगता येत नाही.

तासाभरानं बाटली बघितली. चोख होती, रेघ नावाला नाही.

"जा," मी म्हणालो.

दाजी क्षणभर दारात घुटमळले. "डबा अजून खिळ्यालाच आहे," ते म्हणाले. "आज तिनं तुमच्या आवडीचं केलंय. पार गार झाला असेल." ते माझ्याशी बोललेली ही शेवटची वाक्यं, आणि मी त्यांना उत्तर दिलं नाही.

सकाळी त्यांनी पंपावर चाळीस लिटर डिझेल घेतलं. त्या दिवशीचं पंपाचं पहिलं गिऱ्हाईक तेच होते. तासभर बोट खाडीतून नीट गेली, कारण खाडीत पाणी शांत होतं आणि टाकीतलं पाणी तळाशी झोपून होतं. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे, तिथे लाटा फुटतात. बोट हिंदकळली, टाकी ढवळली गेली आणि इंजिन दोन-तीन आचके देऊन बंद पडलं. हे खलाशानं सांगितलं. तो वाचला. दाजींनी त्याला सुकाणू धरायला लावलं आणि स्वतः इंजिनाच्या खोबणीत उतरून फिल्टर बदलायला घेतला. लाटांत बोट आडवी झाली. खलाशी म्हणतो, दाजींनी डोकं वर काढलं आणि "झालंच" म्हणाले, तेवढ्यात लाट आली. बोटीच्या काठावर डोकं आपटून ते पाण्यात गेले. दुपारी दोन वाजता वाळूवर सापडले. नवा फिल्टर त्यांच्या खिशात होता. फिल्टर कसा बदलायचा हे मीच त्यांना शिकवलं होतं.

बोट बुडाली नाही. दांड्यावर जाऊन रुतली, मग दुसऱ्या बोटीनं ओढून आणून धक्क्याला बांधली.

तिसऱ्या दिवशी बंदर कचेरीचे साहेब चौकशीला माझ्या वर्कशॉपमध्ये आले. बहीणही आली होती. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ती माझ्याकडे बघत होती. साहेबांनी खिडकीतली बाटली उचलली, चिठ्ठी वाचली, उजेडाकडे धरली.

"आदल्या दिवशी टाकी स्वच्छ होती म्हणजे."

बोट त्याच सकाळी पाण्यात उतरली हे साहेबांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि माझ्या बाटलीवर धक्क्यावर कुणी शंका घेत नव्हतं.

"मग पाणी आलं असेल ते सकाळच्या चाळीस लिटरमधून. पंपाच्या टाकीचा तळ पहिल्याच गिऱ्हाइकाला गेला असणार." ते दाराशी गेले आणि पाटी वाचून परत आले. "नियम चांगला आहे तुमचा. ही बाटली पाण्यातलीच ना?"

बहिणीची नजर माझ्या तोंडावर होती. माझ्या तोंडातून नेहमीचा फटकळपणा बाहेर पडला.

"पाटी वाचलीत ना? मग विचारता कशाला?"

साहेबांनी लिहून घेतलं. मी खोटं बोललो नाही, असं तेव्हा मनाशी म्हटलं. आयुष्यात इतकं धडधडीत खोटं मी दुसरं बोललेलो नाही.

संध्याकाळपर्यंत पंपाला सील लागलं. कुणीतरी दगड मारून पंपाच्या कचेरीची काच फोडली. बहीण तिथे गेली आणि चारचौघांत पंपवाल्याला म्हणाली, "माझ्या नवऱ्याला तू पाणी पाजून मारलंस. तुझं कधी भलं होणार नाही." पंपवाला खाली मान घालून उभा राहिला. मी तिचा हात धरून तिला घरी आणलं. वाटेत ती म्हणाली, "दादा, तुझी बाटली नसती तर हा माणूस सुटला असता रे." मी तिचा हात सोडला नाही, एवढंच मला जमलं.

आणि पाचव्या दिवसापासून तिनं माझा डबा पुन्हा सुरू केला. मी नको नको म्हणालो. ती म्हणाली, "तुझी साखर कोण बघणार? मला आता तूच तर आहेस." दाजी अडकवायचे त्याच खिळ्याला ती स्वतः येऊन डबा अडकवायला लागली.

आठव्या दिवशी साहेबांनी टाकी उघडून अहवाल द्यायला सांगितलं. धक्क्यावर हे काम करणारा दुसरा कोण आहे? खलाशाला मी घरी पाठवलं आणि एकटाच बोटीवर गेलो. बोट पाण्यात सपाट होती. चावी उघडली आणि बाटली लावली. तासभर थांबायची गरजच पडली नाही. पाऊण बाटली पाणी, वर थोडं डिझेल. दुसरी बाटली, तशीच. तिसरी, तशीच. बोटावर घेऊन जिभेला लावलं. गोडं पाणी होतं. समुद्राचं असतं तर खारट लागलं असतं.

मग टाकीचं वरचं झाकण खोलून आत हात घातला. तळाशी काळी, बुळबुळीत साय हाताला लागली. डिझेल आणि पाणी एकमेकांना टेकून बरेच दिवस राहिले की त्या सांध्यावर ही घाण वाढते. एका रात्रीत वाढत नाही, तिला महिने लागतात. मी मूठभर वर काढली आणि तशीच हातात धरून बसलो. पंपाच्या त्या सकाळच्या डिझेलमधून ही येणं शक्य नव्हतं.

तरीही मी पंपावर गेलो. मला अजून आशा होती, हे लपवत नाही. पंपाचं सील साहेबांच्या माणसासमोर थोड्या वेळापुरतं काढून घेतलं, मापाच्या लांब काठीला पाण्याची पेस्ट लावली आणि काठी पंपाच्या टाकीत तळापर्यंत सोडली. तळाशी बोटभर पाणी असतं तरी पेस्टचा रंग बदलला असता. काठी वर आली. रंग होता तसाच होता. दुसऱ्यांदा सोडली. तसाच. पंपवाला माझ्या तोंडाकडे बघत होता. मी काठी पुसली आणि "बघू" म्हणून निघून आलो.

दहाव्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात आला. आत ये म्हटलं तरी आला नाही. दहा दिवसांत माणूस अर्धा झाला होता.

"डॉक्टर," तो म्हणाला आणि जीभ चावली. "माफ करा, सवयीनं निघालं तोंडातून."

"बोल."

"टँकर आला त्या दिवशी झाकण मी लावलं की नाही, हे मला आठवत नाहीये. लावलंच असणार. पण आता वाटतं, नसेल लावलं. काठीला काही लागलं नाही, ते मी बघितलं, पण तुमची बाटली खोटं बोलत नाही. म्हणजे माझ्याकडूनच काहीतरी राहिलं असणार." त्यानं दाराची चौकट धरली. "आजवर एक थेंब कधी मिसळला नाही हो मी. पण तुम्ही म्हणता म्हणजे असेल. ताईंना एवढंच सांगा, मुद्दाम नाही केलं."

तो गेला. एका निर्दोष माणसानं माझ्या शब्दाखातर स्वतःवर खून ओढून घेतला होता. सत्तावीस वर्षं मी जो माज केला, त्याची ही फळं. मला माझ्या तोंडाची, माझ्या पाटीची, त्या रांगेत उभ्या बाटल्यांची किळस आली.

टाकीतल्या पाण्याची बाटली घेऊन मी बहिणीच्या घरी गेलो. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत दाजींचा मेणकापडी कोट अजून दाराच्या मागे होता. ती आत ओट्याशी उभी राहून माझा डबा भरत होती.

"तूच आलास? मी निघालेच होते."

"छोटे, जरा बस."

"बोल की. हात चालू आहेत, कान मोकळे आहेत."

"पंपवाल्याच्या डिझेलमध्ये पाणी नव्हतं."

तिचा चमचा थांबला. "काठी घातलीस ना तू? मग साहेबांना काय सांगितलंस?"

"अजून काही नाही. आधी तुला सांगायला आलो. पाणी टाकीत आधीपासून होतं. चार महिन्यांचं. खाली साय धरली होती."

"पण तुझी बाटली तर..."

"ती मी उतारावर घेतली. बोट तिरकी होती, पाणी मागच्या कोपऱ्यात होतं. मला ते कळायला हवं होतं. दाजींनी पाटी दाखवली, मी ऐकलं नाही. त्यांच्यावर रागावलो होतो. सकाळी त्यांच्यासाठी उठायचं नव्हतं मला." मी हातातली बाटली तिच्यापुढे धरली. "दाजी माझ्यामुळे गेले."

मला वाटलं, ती ओरडेल. हातातलं भांडं फेकून मारेल. तिनं तसं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिनं डब्याचं झाकण लावलं, ओट्यावरचा सांडलेला कण पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "उतारावर घेतली, हे मला माहीत होतं."

"कसं?" मी विचारलं.

"त्या संध्याकाळी घरी येऊन ह्यांनी सांगितलं. म्हणाले, मेहुण्यांनी रागाच्या भरात उतारावरच बाटली घेतली, माझं मन काही मानत नाही. फोन हातात घेतला होता. म्हणाले, फोन करतो, माफी मागतो, म्हणजे सकाळी येऊन परत एकदा बघतील." तिनं फडकं पिळलं. "मी म्हटलं, कशाला सारखं नाक घासायचं त्याच्यापुढे? एवढ्याशा थट्टेवरून पंधरा दिवस तोंड फुगवून बसलाय. त्यानं ‘जा’ म्हटलं ना? मग झालं. दादाचं ‘जा’ कधी खोटं ठरलंय का?"

"मग?"

"मग काय. बरं म्हणाले. फोन ठेवून जेवायला बसले."

बाहेर कुणीतरी हातगाडी ओढत गेलं. तिचा खडखडाट पार गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता.

"दहा दिवस मी एकच म्हणतेय," ती म्हणाली, "पंपवाला चोर आहे, पंपवाला चोर आहे. तो चोर असला तरच मी सुटत होते, दादा. तू खिडकीतली बाटली दाखवलीस ना साहेबांना, तेव्हा मला इतकं बरं वाटलं. तुला सांगते, नवरा जाऊन तीन दिवस झाले होते आणि मला बरं वाटलं."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो. ती बाजूला झाली. मी तिच्याकडे खरं सांगून मोकळा व्हायला आलो होतो, आणि मोकळा काय झालो? माझं ओझं होतं तिथेच राहिलं आणि तिचा एकुलता एक आधार मी काढून घेतला.

तिनं चपला घातल्या. "चल."

"कुठे?"

"पंपावर. मी त्याला चारचौघांत बोलले, आता चारचौघांतच जायला हवं."

ती पुढे, मी मागे. दाजी त्या दुपारी माझ्या मागून चालले होते तसाच मी तिच्या मागून चाललो होतो. रस्ताभर तिनं एकदाही वळून बघितलं नाही. फुटलेल्या काचेच्या जागी पंपवाल्यानं पुठ्ठा लावला होता आणि तो बाहेर उलट्या क्रेटवर बसला होता. धक्क्यावर पाच-सहा बोटवाले जाळी नीट करत होते. तिला येताना बघून तो धडपडत उभा राहिला आणि दोन पावलं मागे सरला.

"घाबरू नकोस," ती म्हणाली. आवाज एवढा मोठा की जाळीवाल्यांचे हात थांबले. "तुझं डिझेल चांगलं होतं. चूक आमच्या घरातली होती."

‘दादाची’ म्हणाली नाही, ‘माझी’ही म्हणाली नाही.

पंपवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. "चोख होतं तुझं डिझेल," मी म्हणालो. "माझी बाटली खोटी होती." मला वाटलं त्याला आनंद होईल, पण तो पुन्हा क्रेटवर बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून ढसाढसा रडायला लागला. बहीण तिथे थोडा वेळ उभी राहिली, मग घराकडे वळली. मी दोन पावलं तिच्यामागे गेलो. हात मागे करून तिनं मला थांबवलं.

त्याच दिवशी मी साहेबांना खिडकीतली आणि टाकीतल्या पाण्याची, अशा दोन्ही बाटल्या नेऊन दिल्या आणि सगळं लिहून सही केली. पंपाचं सील निघालं. माझं काय करायचं ते कचेरी ठरवेल. खिडकीच्या फळीवर आता एकही बाटली नाही. कुणी आणत नाही आणि मी मागत नाही. पाटी तेवढी आहे, ती काढायला हात उचलत नाही.

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून दार उघडं ठेवून बसलो होतो. बारा वाजले, साडेबारा वाजले. ती येणार नाही, हे मी मनाला दहा वेळा सांगितलं होतं. एक वाजता पाणी प्यायला मागच्या खोलीत गेलो, आणि परत आलो तर खिळ्याला डबा होता. धावत दाराशी गेलो. खलाशी पाठमोरा जाताना दिसला, त्यानं वळून बघितलं नाही. पण डबा आला होता. माझा जीव भांड्यात पडला. हात धुतले, बाकावरची हत्यारं बाजूला केली, खाली कागद अंथरला आणि डबा खिळ्यावरून उचलला.

हलका लागला. तिच्याकडे राहिलेला माझा दुसरा डबा होता तो. तिनं घासून, धुऊन, कोरडा पुसून परत पाठवला होता.